शेजारचा पट्टा आधी

शनिवारी दुपारी टेसा ऑर्व्हिलच्या गॅरेजवर पोचली तेव्हा तिच्या पिशवीत एक नवी बॅटरी, दोन पाने, पक्कड, पायाने हवा भरायचा पंप आणि चीजचं एक सँडविच होतं. काम तसं साधं. बारा मैलांवर हुकस्ट्रांचं शेत, शेतावर जुनं कोठार, कोठारात एक गाडी. ती सुरू करायची आणि चालवत आणायची. ऑर्व्हिलने असली कामं आयुष्यभर केली होती. टेसाने एकदाही नाही. तिने आपली छोटी निळी गाडी गॅरेजच्या भिंतीलगत लावली, दाराला कुलूप लागलं का ते सवयीने दोनदा ओढून पाहिलं, आणि ऑर्व्हिल खो खो हसला.

"पळून नाही जायची ती," तो म्हणाला. "नव्या गाड्यांत तेवढा दम नसतो."

मिशिगन तळ्याच्या त्या काठाला नकोशा गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. एकवीस माणसं, चाळीसेक गाड्या आणि नियम एकच: गाडी अशी हवी की जी नवी असतानाही कुणाला नको होती. दर सप्टेंबरात चर्चमागच्या मैदानावर त्या ओळीने उभ्या राहतात, वाटाण्याचं सूप शिजतं, येणारेजाणारे यथेच्छ टोमणे मारतात, आणि सगळ्यात जास्त अपमान सोसूनही आपल्या चाकांवर घरी परतणाऱ्या गाडीला एक गंजकी व्हीलकॅप बक्षीस मिळते. ऑर्व्हिलने असल्या सात व्हीलकॅप जिंकल्या होत्या आणि शिकारी हरणांची शिंगं मिरवतात तशा त्या भिंतीवर टांगल्या होत्या.

टेसा सत्तावीस वर्षांची, जिल्ह्याच्या ग्रंथालयात कामाला. वडील गेल्यावर त्यांचा खटारा विकवेना, म्हणून ती या मंडळात आली. पोरगी हुशार, पण भित्री. मागून कुणी शिंकलं तरी हातातला कप सांडायचा. गाडी सावलीतून उन्हात घ्यायची असली तरी ती आधी सीटचा पट्टा लावणार, छातीवरचा पट्टा दोनदा ओढून बघणार, मगच किल्ली फिरवणार.

"आमची टेसा पलंगावर झोपतानाही पट्टा लावते," ऑर्व्हिल सगळ्यांना सांगायचा.

यावर न हसणारा एकच माणूस होता. वेंडेल हुकस्ट्रा. ऐंशी ओलांडलेला, उंच, अबोल, मका पिकवणारा. त्याची गाडी म्हणजे मंडळाचं भूषण: हॅल्बर्ट कंपनीची 'प्लोव्हर', सन चौऱ्याहत्तर. कंपनी पुढे दोन वर्षांत बुडाली, आणि प्लोव्हर पाहिली की त्यात नवल वाटायचं नाही. समोरून बघावं तर नुकतीच वाईट बातमी कळल्यासारखा चेहरा, मागून बघावं तर पाण्यात फुगलेला बूट. रंग शिळ्या सुपाचा. दारांवर लाकडी फळ्या नव्हत्या, फळ्यांचं चित्र चिकटवलेलं होतं, आणि तेही कडांनी सोलवटून वाऱ्यावर फडफडायचं. मंडळातल्यांच्या माहितीत जगात आता एवढी एकच उरली होती.

वेंडेलची एक खोड होती. त्याच्या शेजारी पुढे कुणी बसायचं नाही. पोर असो की पाद्री, मागे बसायचं. पुढच्या रिकाम्या जागेवर मात्र पट्टा लावलेला असायचा, नीट, घट्ट. मंडळी त्या गाडीला वेंडेलची टॅक्सी म्हणायची. सगळ्या जगाची टिंगल करणारा ऑर्व्हिल या एका गोष्टीवर कधीच बोलायचा नाही. हे टेसाला पुढे आठवलं. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये वेंडेल गेला. मागे चिठ्ठी होती: *प्लोव्हर टेसाला द्यावी. ती पट्टा लावते.*

आणि आता नोव्हेंबर. शेत विकलं गेलं होतं. कोठार सोमवारी पाडणार. भंगारवाल्याचा ट्रक आज चारला येणार, आणि कोठारात जे काही उरलेलं असेल ते उचलून नेणार.

* * *

ऑर्व्हिलची गाडी तपकिरी, होडीएवढी, एक दार दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, निळं. तळ्यावरून धुकं आत सरकत होतं. दुपारचे अडीच वाजले होते, पण दिवे लावावे लागले.

"चौऱ्याहत्तरची भानगड ठाऊक आहे ना तुला?" ऑर्व्हिल म्हणाला.

"वाचलंय मी."

"वाचलंय म्हणे! आम्ही भोगलंय. सरकारने फर्मान काढलं, पुढे बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होता कामा नये. सीटखाली वजनाची कळ. कुणी बसलं की गाडीला कळणार, पट्टा नसला की बझर बोंबलणार. बरं, माणूस कोण आणि बटाट्याचं पोतं कोण, हे त्या कळीला कुठून कळावं? माझी सासू सणाची टर्की शेजारी ठेवून निघाली. गाडी म्हणे, आधी टर्कीला पट्टा लाव!"

टेसा हसली. "मग?"

"मग लावला. सासूपेक्षा शांत बसली होती टर्की." तो स्वतःच्याच विनोदावर थोडा हसला. "वर्षभरात सरकारनेच कायदा मागे घेतला. तोवर देशभरातल्या लोकांनी वायरी कापून टाकल्या होत्या. मीच पन्नासेक कापल्या असतील. पाच मिनिटांचं काम…"

बोलता बोलता तो थांबला.

"वेंडेलने नाही का कापली?" टेसाने विचारलं.

"वेंडेल वेगळा माणूस होता." मग घसा खाकरून, "हे बघ, नाहीच सुरू झाली तर बॉनेटखाली, उजव्या अंगाला, एक काळं बटण आहे. मेकॅनिकांसाठी ठेवलेलं. ते दाबलं की एकदा, फक्त एकदा, गाडी काहीही न विचारता सुरू होते."

शेताच्या तोंडाशी टपालपेटी होती. ऑर्व्हिलने तिथेच गाडी थांबवली. पुढे कोठारापर्यंत पाव मैल कच्ची वाट होती, दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं.

"तुम्ही आत नाही येत?"

"बंद केली तर ही म्हातारी परत सुरू व्हायची नाही."

"चालू ठेवून आत घ्या ना."

ऑर्व्हिलने कोठाराकडे पाहिलं नाही. स्टिअरिंगवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं. "दमट हवा आहे. पाठ धरते माझी. मी पुढे जाऊन गॅरेज उघडून ठेवतो, पोरी. तू ये."

आणि तो गेला. निळं दार धुक्यात सगळ्यात शेवटी दिसेनासं झालं.

* * *

कोठाराशी वेंडेलचा पुतण्या डर्क उभा होता, हात खिशात, मान खांद्यांत.

"एकटीच?" त्याने किल्ली दिली. "ट्रक चारला येतो. मी त्यांना फाटकातून आत घेतो आणि जातो. काकाच्या या गाडीत बसायचं म्हटलं की लहानपणी मला रडू यायचं, माहीत आहे? कुरूप म्हणून नाही हं… उगाच." तो कसंनुसं हसला. "बरं. नाही निघाली तर सोडून द्या. लोखंडच आहे शेवटी."

लोखंडच आहे. टेसाला राग आला, आणि राग आला की तिला थोडा धीर यायचा. ती आत शिरली.

आत जुन्या गवताचा, उंदरांचा, तेलाचा वास होता. आणि त्या सगळ्यांच्या खाली आणखी एक, बारीक, गार. पेपरमिंट. या भागातल्या प्रत्येकाला तो वास ओळखू येतो. रविवारी प्रवचन सुरू झालं की बायका पर्समधून पांढऱ्या गोळ्या काढतात आणि बाकावरून एकमेकींकडे सरकवतात, पाद्रीबुवांना दिसणार नाही अशा.

प्लोव्हर कोपऱ्यात उभी होती. धुळीखालीही तोच दुःखी चेहरा. टेसाला एकदम मायेचा उमाळा आला. तिने बॉनेटवर हात ठेवला. "चल बाई," ती म्हणाली, "घरी जाऊ." आपलाच आवाज वर आढ्यापर्यंत गेलेला तिला आवडला नाही.

तिने चाकांत हवा भरली. बॅटरी बदलली. सगळं दोनदा तपासलं. मग दार उघडून ती आत बसली. पुढे वेगवेगळ्या सीट नव्हत्या, सोफ्यासारखी एकच लांब सीट होती. स्टिअरिंग डावीकडे, आणि उजवीकडे शेजारच्या रिकाम्या जागेवर पट्टा लावलेला होता. वेंडेलने शेवटचा लावला तसाच. टेसाने तो सोडवला, आणि तिथे आपली हत्यारांची पिशवी ठेवली.

तिथे चूक झाली. पण त्या क्षणी ती चूक वाटावी असं काय होतं?

काचेच्या वर ऊन अडवायची झडप होती, तिच्यावर कागद चिकटवलेला. वेंडेलचं शाळकरी, नीटस अक्षर.

*शेजारचा पट्टा आधी. मग आपला. घाई करू नये.*

तिने आपला पट्टा लावला. दोनदा ओढून पाहिला. किल्ली फिरवली.

बझर किंचाळला.

टेसा एवढी दचकली की गुडघा स्टिअरिंगवर आपटला. मग तिला टर्की आठवली, आणि ती हसली. पिशवीचं वजन! तिने पिशवी उचलून मागे टाकली आणि पुन्हा किल्ली फिरवली.

बझर.

शेजारची जागा रिकामी होती. तपकिरी रेक्झिन, मधे एक शिवण, शिवणीशी थोडी धूळ. टेसाने हाताने ती जागा दाबून पाहिली. थोपटली. कळ अडकली असेल, पन्नास वर्षांची कळ. तिने पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा तोच किंचाळणारा बझर. तो थांबला की कोठार आधीपेक्षा जास्त शांत वाटायचं.

तेवढ्यात सीट हलली.

लांब, एकसंध सीट होती ती. दुसऱ्या टोकाला कुणी नीट सावरून बसलं की आपल्या टोकाला जेवढं जाणवतं, तेवढंच. तेवढंच, जास्त नाही. स्प्रिंगचा बारीक कुरकुर आवाज, आणि मग काही नाही.

"उंदीर," टेसा मोठ्याने म्हणाली.

ठीक आहे. कागदावर लिहिलंय तसं करू. शेजारचा पट्टा आधी. तिने स्वतःचा पट्टा सोडला, हात लांबवून शेजारचा धरला आणि खसकन ओढला. पट्टा छातीच्या उंचीवर आला आणि अडकला. खाचेपासून वीतभर अलीकडे. तिने जोर लावला. पट्टा ताठ होता, आणि रिकाम्या सीटला टेकत नव्हता. हवेत, सीटपासून हातभर पुढे, कशाला तरी वळसा घातल्यासारखा वाकला होता…

तिने तो सोडून दिला. तो सर्रकन मागे गेला.

बाहेर, वाटेच्या टोकाला, धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले. ट्रक. पावणेचार झाले होते. तिने फोन लावला.

"ऑर्व्हिल, होत नाहीये सुरू. बझर वाजतोय. पट्टा पोचत नाही. ट्रक आलाय…"

पलीकडे गॅरेजचं दार वाजलं.

"ऑर्व्हिल?"

"शेजारी…" त्याचा आवाज बदललेला होता. "शेजारी काही ठेवलंयस का?"

"नाही. रिकामी आहे जागा."



"मग दाब बटण," तो शेवटी म्हणाला. "रिकामी आहे ना? मग काय… दाब आणि निघ."

काळं बटण त्याने सांगितलं होतं तिथेच होतं. दाबल्यावर ते आत गेलं आणि बाहेर आलं नाही. टेसा धावत येऊन बसली, आपला पट्टा लावला, ओढला, ओढला, किल्ली फिरवली. प्लोव्हर खोकली, शिंकली, साऱ्या अंगाने हादरली आणि सुरू झाली. काहीही न विचारता.

ट्रकवाल्याने वाट द्यायला गाडी खुंटांत उतरवली आणि काच खाली करून ओरडला, "अगं बाई, हे काय बाहेर काढलंस? परत आत घाल!"

एरवी टेसाने हे वाक्य मंडळात दहा वेळा सांगितलं असतं. तिने नुसता हात हलवला. वाचली, तिला वाटलं. गाडी वाचली.

* * *

कच्चा रस्ता सरळ होता. धुकं इतकं दाट की दिव्यांचा उजेड पुढे जाण्याऐवजी परत येत होता. टेसा ताशी तीस मैलांनी चालली होती. हीटरमधून कोमट, धुळकट वारा येत होता, आणि त्यात पेपरमिंट. कोठारात होता त्यापेक्षा जास्त. जवळ. कुणी नुकतीच गोळी तोंडात टाकून श्वास सोडावा तसा.

तिने उजवीकडे पाहायचं नाही असं ठरवलं. ठरवल्यामुळे उजवा गाल गार पडत गेला.

शेजारचा पट्टा दाराशी लोंबत होता. खड्डा आला की त्याचं लोखंडी टोक दारावर आपटायचं. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक. मग खड्डा नव्हता तरी. टक… टक… टक… अधीर माणूस बोटाने वाजवतो तसं.

"थोडंच राहिलंय," टेसा पुटपुटली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

चर्चकडे जाणारा फाटा आला. आणि धुक्यातून हरीण आलं. एकदम, दिव्यांच्या मधोमध, डोळे हिरवे. टेसाने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. चाकं खडीवर घसरली, तिचा स्वतःचा पट्टा छातीत रुतला, श्वास बंद झाला.

आणि शेजारी, पुढच्या काचेवर, जोराचा आवाज झाला.

हरीण गेलं होतं. ते गाडीला लागलंही नव्हतं. इंजिन बंद पडलं होतं. धुकं जसंच्या तसं. टेसाने फार हळू मान वळवली.

शेजारच्या जागेसमोर काच तडकली होती. तळहाताएवढी चांदणी, भोक मात्र नाही, आणि तिथून चहूकडे गेलेल्या रेषा. बाहेरून दगड लागला तर काच आत दबते. ही बाहेरच्या बाजूला फुगली होती. काही तरी आतून लागलं होतं. कपाळाच्या उंचीवर.

दार उघडून पळावं, तर पट्टा. तिचा हात खटक्यावर गेला. तिथेच थांबला. कारण शेजारून आवाज येत होता. बझरचा नव्हता. अगदी हलका, थांबून थांबून येणारा, दुखलेल्या माणसाने श्वास आत ओढावा तसा…

*ती पट्टा लावते.* म्हाताऱ्याने एवढ्याच कारणासाठी गाडी तिला दिली होती. एवढंच काम सांगितलं होतं. आणि तिने बटण दाबलं होतं.

"चुकलं माझं," टेसा म्हणाली. ती रडत होती. "चुकलं. थांबा हं… थांबा."

तिने डोळे मिटले आणि हात लांबवला. पट्टा सापडला. या वेळी तिने तो खसकन ओढला नाही. घाई करू नये. बेताबेताने, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा आणला. तो येत राहिला. सीटपासून लांबून, वळसा घेत, आला. तिच्या मनगटाला काही तरी लोकरीचं घासून गेलं. खट्. लागला.

श्वासाचा आवाज थांबला.

किल्ली फिरवताच प्लोव्हर पहिल्या फटक्यात सुरू झाली. उरलेले सात मैल टेसाने पंधराच्या वेगाने काढले. एकदाच नजर चुकून गेली. पट्टा लावलेला होता, ताठ, आणि त्याच्या मागे, त्याच्या आणि सीटच्या मधे, हातभर जागा होती.

* * *

ऑर्व्हिल गॅरेजच्या दारात कॉफीचा मग घेऊन उभा होता. काही तरी टोमणा त्याने तयार ठेवलेला असावा. तोंड उघडलंही. मग त्याची नजर काचेवर गेली.

हातातला मग खाली ठेवताना कॉफी त्याच्या बोटांवर सांडली. ते त्याला कळलं नाही.

"हरीण आडवं आलं," टेसा म्हणाली. "चर्चच्या फाट्याशी. लागलं नाही. पण काच…"

"फाट्याशी," ऑर्व्हिल म्हणाला.

तो पुढे आला. बोट तडकलेल्या जागेजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"ही काच मी बसवली," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात. बावीस वर्षांचा होतो. जुनी काढली ती… याच जागी फुटलेली होती. अश्शीच."

टेसा काचेपासून एक पाऊल मागे सरकली.

"हॅनी. वेंडेलची बायको. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. गाडी नवी कोरी. बझरने वैतागली होती पोरगी, मांडीवर केक घेतला तरी बोंबलायचा. मग वेंडेलने माझ्याकडे आणली." त्याने ओठ चाटले. "मीच म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, वेंडेल. हसत हसत कापली वायर. पुढच्या रविवारी चर्चला निघाले होते दोघं. हरीण…"

"आणि तुम्ही मला बटण दाबायला सांगितलंत."

"तू म्हणालीस रिकामी आहे!" तो जवळजवळ ओरडला. मग एकदम म्हातारा झाला. "पन्नास वर्षं मला वाटत होतं, तो वेडा झालाय. वायर परत जोडून घेतली असेल आणि रिकाम्या सीटला पट्टा लावत बसला असेल. पन्नास वर्षं मला हेच बरं वाटत होतं."

तो टेसाच्या बाजूच्या उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावला आणि सीटखाली डोकं घातलं. बराच वेळ तसाच राहिला.

"काय आहे?" टेसाने विचारलं.

ऑर्व्हिलने दोन बोटांनी काही तरी उजेडात ओढलं. वायरीची दोन टोकं होती. दोन्हींवर हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली, धुळीने काळी पडलेली, कडक झालेली.

"माझी पट्टी आहे ही," तो म्हणाला. "हिरवी मीच वापरायचो. कुणी उघडलेली नाही. टेसा… त्याने जोडलीच नव्हती."

बझरला वजन सांगणारी वायर पन्नास वर्षं तुटलेली होती.

दोघं गॅरेजच्या दिव्याखाली उभे राहिले. प्लोव्हरचं इंजिन निवताना टिक टिक वाजत होतं. ऑर्व्हिलने खाली वाकून शेजारच्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "पट्टा तूच सोडलास ना, आल्यावर?"

टेसाने सोडला नव्हता. पट्टा सुटलेला होता. दारही उघडं होतं, शेजारचं. कुणी तरी उतरल्यासारखं, नीट, न आदळता उघडलेलं.

"मी जाते आता," टेसा म्हणाली. "मला घरी जायचंय."

"काच मी बसवून देतो," ऑर्व्हिल म्हणाला. कुणाकडे पाहून म्हणाला, ते कळलं नाही. "दुसऱ्यांदा. आणि सीटखालचं सगळं नीट जोडतो. आज. आत्ता."

ती आपल्या निळ्या गाडीपर्यंत चालत गेली. अंगण ओलं होतं, दिवा होता, शेजारच्या घरात कुणी तरी भांडी विसळत होतं. दार उघडलं, बसली, दार लावलं. नव्या गाडीचा वास, स्वच्छ, प्लॅस्टिकचा. तिने डोकं मागे टेकलं. गाडी वाचली. ती वाचली. घरी जाऊन सगळे दिवे लावायचे.

पट्टा लावायचा विसरून तिने इंजिन सुरू केलं.

समोर एक छोटा तांबडा दिवा लागला. नव्या गाड्यांतही तो असतोच. बसलेल्या माणसाचं चित्र, आडवा पट्टा. शेजारच्या जागेसाठीचा.

टेसा किती वेळ त्याच्याकडे बघत होती कोण जाणे. मग तिने डोळे न मिटता, उजवीकडे न बघता, हात लांबवला. हळू. घाई न करता. खट्. तांबडा दिवा विझला. पेपरमिंटचा वास आला, थोडासाच.

शेजारचा आधी. मग आपला. तिने आपला पट्टा घ्यायला डावा हात खांद्याशी नेला.

पट्टा तिथे नव्हता. तो तिच्या छातीवरून आडवा गेलेला होता, खाली तिच्या उजव्या कमरेशी, शेजारच्या माणसाचा हात पोचेल तिथे, खाचेत बसलेला. तिने तो लावला नव्हता.

आणि ती बघत असतानाच तो छातीवर जरासा ताणला गेला. लागलाय ना नीट, हे कुणी ओढून बघावं तसा. एकदा.

मग थोडं थांबून, पुन्हा एकदा.